डायमंड व्हील कापत नाही? आधी ट्रूइंग, मग ड्रेसिंग

सपाट पृष्ठ घासणाऱ्या सरफेस ग्राइंडरवर कार्बाइडचे पंच किंवा डाय-इन्सर्ट घासताना डायमंड व्हील चालेनासे झाले की टूलरूममध्ये दोनच गोष्टी होतात. ऑपरेटर फीड (दर पासला व्हील उतरवायचे माप) वाढवतो, नाहीतर नवीन व्हील मागवतो. दोन्ही चूक. बहुतेक वेळा हिरा शिल्लकच असतो. तो कण धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या थरात बुडालेला असतो, किंवा व्हील स्पिंडलशी नीट केंद्रात फिरत नसल्याने घेराचा काही भागच कामाला लागत असतो. पहिल्या दुखण्याला ड्रेसिंग (रेझिन खरवडून कण उघडे करणे) हा इलाज, दुसऱ्याला ट्रूइंग (घेर केंद्रात गोल करणे). ही दोन वेगळी कामे आहेत. एक केले म्हणून दुसरे होत नाही. उलट ट्रूइंगनंतर व्हीलचा घेर आणखी गुळगुळीत होतो, आणि इथेच बहुतेक जण फसतात.

उदाहरणाला रेझिन बाँडचे १५० मिमी व्यासाचे सरळ व्हील घेऊ: डी-१२६, सी-७५. म्हणजे हिऱ्याचे कण १०६ ते १२५ मायक्रॉनचे, आणि थराच्या एका घन सेंटिमीटरात ३.३ कॅरेट हिरा. २८०० आरपीएमला त्याच्या घेराची गती सेकंदाला साधारण २२ मीटर येते. कूलंट चालू ठेवून करायच्या कामाला ती योग्य आहे.

बसवणे

फ्लँज पुसून घ्या, नट अर्धवट आवळा आणि मशीनचा पुरवठा बंद ठेवून घेरावर डायल (मायक्रॉनमध्ये फरक दाखवणारे माप) लावा. व्हील हाताने सावकाश फिरवा. सर्वांत उंच जागी लाकडी ठोकळ्याने हलके ठोकत रनआउट (फिरताना घेर वरखाली होण्याचे माप) २० मायक्रॉनच्या आत आणा आणि मगच नट पक्का करा. हे दहा मिनिटांचे काम टाळले तर तेवढाच महागाचा हिरा पुढे ट्रूइंगमध्ये घासून फुकट जातो. एकदा बसलेले व्हील ॲडॅप्टरवरून, म्हणजे ते स्पिंडलवर धरणाऱ्या भागावरून, उतरवू नका. प्रत्येक डायमंड व्हीलला स्वतःचा ॲडॅप्टर हवा. या बाबतीत काटकसर महागात पडते.

ट्रूइंग

२० मायक्रॉनवर थांबून का चालत नाही? कापणारा कण रेझिनमधून साधारण पाव ते तिसरा हिस्साच वर असतो. डी-१२६ मध्ये ते तीसेक मायक्रॉन भरते. रनआउट त्याच्या जवळपास असेल तर उंच भागातले कण सगळा मार खातात आणि खोल भागातले नुसते फिरतात. कामावर लाटा उठतात आणि आवाज सलग न येता ठोक्याठोक्याने येतो. म्हणून घेर ५ ते १० मायक्रॉनच्या आत आणायचा.

यासाठी ब्रेक असलेला ट्रूइंग डिव्हाइस (स्वतःच्या व्हीलची गती ब्रेकने रोखणारे साधन) आणि त्यावर हिरवे सिलिकॉन कार्बाइड व्हील वापरा. सिंगल पॉइंट डायमंड ड्रेसर इथे लावू नका. हिऱ्यावर हिरा घासून ड्रेसरचे टोकही जाते आणि व्हीलही बिघडते. माइल्ड स्टीलचा तुकडा घासूनही रनआउट कमी होतो, पण कणांची टोके चपटी होतात आणि घेर स्टीलने भरतो. ही सवय सोडलेलीच बरी.

डिव्हाइस मशीनच्या चकवर (काम धरणाऱ्या चुंबकी पाटावर) असा ठेवा की त्याचा अक्ष स्पिंडलला समांतर आणि केंद्र बरोबर डायमंड व्हीलखाली येईल. टेबल लॉक करा, हालचाल फक्त क्रॉसची ठेवा. डायमंड व्हीलच्या पूर्ण घेरावर मेणखडू फासा. सिलिकॉन कार्बाइड व्हील बाजूला असतानाच फिरते करा आणि मगच टेकवा. थांबलेल्या व्हीलवर टेकवले तर त्याला सपाट खाच पडते आणि ती फेरीगणिक ठोके देत राहते. सुरुवातीला दर फेरीला ०.०२ मिमी उतरवा, शेवटी ०.०१. या कामात हिऱ्यापेक्षा सिलिकॉन कार्बाइड कितीतरी जास्त झिजते, त्यामुळे उतरवलेले माप आणि हिऱ्यातून गेलेले माप एक समजू नका. मधूनमधून मशीन थांबवून खडू पाहा. पूर्ण घेरावरचा शेवटचा रंग गेला की थांबा. त्यापुढचा प्रत्येक पास म्हणजे नासाडी.

ड्रेसिंग

आता घेर गोल आहे, पण हात लावला तर काचेसारखा गुळगुळीत लागतो. हेच व्हील तसेच कामावर नेले तर कण कापत नाहीत, नुसते घासतात. उष्णता वाढते, कार्बाइडला बारीक तडे जातात आणि रेझिन जळल्याचा वास येतो. मग म्हणायचे, व्हील खराब निघाले!

पांढऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडची मऊ ड्रेसिंग स्टिक घ्या. तिचा दाणा हिऱ्यापेक्षा बारीक हवा. डी-१२६ ला २२० नंबर, डी-६४ ला ३२० किंवा ४००. जाड दाण्याची स्टिक रेझिनबरोबर कणही उपटते. स्टिक थोडा वेळ पाण्यात भिजवा, म्हणजे घासताना तिचा लगदा होऊन रेझिन खरवडले जाते. स्टिक व्हाइसमध्ये घट्ट धरा, हातात नको. व्हील फिरते ठेवून ०.०२ मिमीच्या पायऱ्यांनी उतरत जा.

सुरुवातीला स्टिक जवळजवळ झिजतच नाही, व्हील तिच्यावरून घसरते आणि आवाज किरकिरा येतो. घाबरून फीड वाढवू नका. काही पासनंतर आवाज भरीव होतो आणि व्हील स्टिक भराभर खायला लागते. तोच इशारा: थांबा. आणखी दोनचार पास ‘पक्के होऊ दे’ म्हणून मारले तर कणांभोवतीचा आधार जातो आणि हिरे गळून पडतात. मशीन पूर्ण थांबल्यावर घेरावर नख फिरवा. बारीक सँडपेपरसारखी खरखर लागली तर झाले. अजून गुळगुळीत वाटले तर पुन्हा स्टिक.

कामावर

कार्बाइडला मॅग्नेटिक चक नीट धरत नाही, त्यात लोहचुंबकी असतो तो थोडासा कोबाल्टच. चारही बाजूंनी स्टीलच्या पट्ट्यांचा अडसर लावा, पण पट्ट्यांची उंची कामापेक्षा नक्की कमी ठेवा. व्हील पट्टीला लागले की पुन्हा ड्रेसिंग आलेच. स्टीलला हिरा का चालत नाही, याचे उत्तर हिऱ्याच्या निर्मितीतच आहे. जनरल इलेक्ट्रिकने १९५५ मध्ये जाहीर केलेली कृत्रिम हिऱ्याची पद्धत कार्बन लोहगटातल्या वितळलेल्या धातूत विरघळण्यावरच आधारलेली होती. तीच ओढ घासताना तापलेल्या हिऱ्याचा कार्बन लोखंडाकडे नेते आणि कणाचे टोक बोथट करते. स्टीलला सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) व्हील घ्या.

डाउनफीड (दर पासला व्हील खाली उतरवणे) ०.०१ मिमी, फिनिशिंगला ०.००५. कूलंट लावायचे तर घासायच्या जागी भरपूर आणि अखंड. तापलेल्या कार्बाइडवर अधूनमधून शिंपडले तर तडा ठरलेलाच. कार्बाइडची धूळ छातीत गेली तर कोबाल्टमुळे फुप्फुसांना कायमची इजा होऊ शकते, म्हणून कोरडे घासताना सक्शन आणि चांगला मास्क लागतोच.

पुढे आवाज पुन्हा किरकिरा झाला, घेर चमकायला लागला किंवा कामावर करपल्याचे डाग दिसले, तर ट्रूइंगकडे वळू नका. आधी स्टिकचे दोन पास मारून पाहा. ठोके ऐकू आले तरच डायल लावून रनआउट पाहा.