दमास्कस सुरी घडवायला घेताय? आधी एवढं जमवा

दमास्कस म्हणजे दोन पोलादांचे थर तापवून, ठोकून एकजीव केलेलं नक्षीदार पातं. सगळ्यात आधी गिऱ्हाईकाशी नीट बोलून घ्या. पात्याची लांबी किती, हात उजवा की डावा, हे तर विचाराच. पण सुरी मासळीवरही चालणार का, हे त्याहून महत्त्वाचं. पातळ, कडक पात्यानं सुरमईचा मधला काटा तोडायला गेलं की धारेचा टवका उडतो. त्या कामाला कोयता वेगळा. हे पोलाद स्टेनलेस नव्हे, चिंच, लिंबू, कोकम लागून तसंच राहिलं तर डागाळतं, हेही ऑर्डर घेतानाच सांगा.

पोलाद घ्याल ते १०८४ आणि १५एन२० या दोन प्रतींची जोडी. १५एन२० मध्ये साधारण २ टक्के निकेल असतं. त्यामुळे आम्लात १०८४ काळवंडतं, हे चकाकत राहतं आणि नक्षी उठते. शिवाय दोघांना जवळपास एकाच तापमानाला पाणी देता येतं, म्हणजे तापवून तेलात बुडवून कडक करता येतं. भंगारातली कमानपट्टी (गाडीच्या स्प्रिंगची पट्टी) स्वस्त पडते, पण आत नेमकं काय आहे ते ठाऊक नसताना ती दुसऱ्याच्या सुरीत घालू नये. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत जाता कामा नये. तो धूर विषारी असतो, त्यानं ताप भरतो.

२१० मिलिमीटरच्या पात्यासाठी १०८४ च्या ३ मिलिमीटर जाड ७ पट्ट्या आणि १५एन२० च्या दीड मिलिमीटर जाड ६ पट्ट्या, प्रत्येकी १५० बाय ४० मिलिमीटर, एवढं पुरतं. वजन १४०० ग्रॅमच्या आसपास भरेल. जास्त वाटतं खरं, पण खपली आणि घासकामात बराच माल जातो. हे १३ थर दोनदा चार-चार तुकडे करून रचले की २०८ होतात.

आता जिथे घाई अजिबात चालत नाही ते काम, पट्ट्यांची सफाई. प्रत्येक पट्टी दोन्ही बाजूंनी घासून कारखान्यातून येतानाच असलेली काळी खपली पूर्ण काढा, उजळ धातू दिसेपर्यंत. मग ॲसिटोननं पुसा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी पृष्ठभागाला हात लावू नका. गठ्ठा शिकंज्यात घट्ट आवळून उजेडासमोर धरा. पट्ट्यांमधून उजेड डोकावला तर ती पट्टी पुन्हा सपाट करा. मगच टोकांना वेल्डिंगचे टाके घालून धरायला लांब सळई जोडा. जोड पुढे सुटले तर मी पहिला संशय या सफाईवरच घेईन.

टाकणखार (बोरॅक्स) हाताशी ठेवा, जोडताना थरांमध्ये खपली धरू नये म्हणून. तो वितळला की भट्टीचं अस्तर खातो, म्हणून तळाला बदलता येईल अशी अग्निवीट घाला. गॅसभट्टी असेल तर दोन्ही बाजूंनी वारा हवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. चष्मा, सुती कपडे, चामडी बूट हे सांगायला नकोच. हातोडा किलो-सव्वा किलोचा घ्या, आणि सांडशी गठ्ठ्याच्या जाडीला बसते का ते गार असतानाच पाहा. गठ्ठा पिवळा तापला की पहिले घाव हलके आणि भराभर. तो निवताना एखाद्या थरापाशी काळी रेघ आधी उमटली, तर तिथला जोड बसलेला नाही. लगेच पुन्हा तापवा.

पाणी देण्याचं तेल उभ्या, झाकणाच्या लोखंडी डब्यात, ५० अंशांपर्यंत कोमट केलेलं. तेल पेटलं तर डबा झाकायचा, पाणी ओतायचं नाही. पातं साधारण ८१५ अंशांवर न्यायचं. लोहचुंबक चिकटायचं थांबतं ते ७७० ला, म्हणजे त्यानंतरही थोडं तापवायचं असतं. धार आधीच पातळ घासलीत तर पातं वाकतं, म्हणून तिथे सुमारे १ मिलिमीटर जाडी राखा. लगोलग २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा शेकायचं आहे, तेव्हा ओव्हन आधीच तापवून ठेवा आणि आत वेगळा तापमापक ठेवा. ओव्हनच्या बटणावरच्या आकड्यावर विसंबू नका.

नक्षीसाठी फेरिक क्लोराइडचं द्रावण, तिप्पट-चौपट पाण्यात सौम्य केलेलं, काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात. शेजारी आम्ल मारायला खायच्या सोड्याचं पाणी. पातं ६०० नंबरच्या घासकागदापर्यंत घासलेलं आणि तेलाचा अंश नसलेलं हवं, नाहीतर नक्षीत डाग पडतात.

मुठीला वाळलेलं शिसम, पितळी खिळे, इपॉक्सी. लाकूड घासताना मास्क लावा. आणि सुरी द्यायची तारीख अशी कबूल करा की इपॉक्सीला पूर्ण २४ तास मिळतील.