मूक वेस्टर्नपटांतलं प्रतिनिधित्व अभ्यासायचंय? सुरुवात १९१०पासून करा

वेस्टर्नपट म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या काउबॉय आणि नेटिव्ह अमेरिकन (मूळनिवासी) लोकांच्या कथांचे चित्रपट. या विषयाला हात घालणारे बहुतेक विद्यार्थी 'द कव्हर्ड वॅगन' (१९२३) किंवा 'दि आयर्न हॉर्स' (१९२४) आधी बघतात, कारण ते गाजलेले आहेत आणि सहज मिळतात. पण पडद्यावर कोणाला जागा मिळाली हा तुमचा प्रश्न असेल, तर आधी १९१०च्या आसपासचे एका रिळाचे, दहा-पंधरा मिनिटांचे मूकपट बघा. सुरुवातीला सगळं वाईट होतं आणि पुढे सुधारत गेलं, असं धरून चाललात तर पाया चुकेल.

पहिली जोडी आम्ही ही सुचवू. पाथे या फ्रेंच चित्रपट कंपनीसाठी जेम्स यंग डियर यांनी दिग्दर्शित केलेला 'व्हाइट फॉन्स डिव्होशन' (१९१०) आणि 'द स्क्वॉ मॅन' (१९१४). दोन्हींत गोरा नवरा, नेटिव्ह अमेरिकन बायको आणि त्यांचं मूल. दोन्हींत बायको स्वतःचा जीव द्यायला निघते. १९१४च्या चित्रपटात ती मरते आणि नवऱ्याची वाट मोकळी होते. १९१०च्या मूकपटात ती वाचते, नवरा तिच्याजवळच राहतो, कुटुंब टिकतं. शेवटची काही मिनिटं लागोपाठ दोनदा बघा; हा फरक पुस्तकातल्या पानभर विवेचनापेक्षा जास्त सांगतो. 'द स्क्वॉ मॅन'मधली ती बायको साकारणाऱ्या रेड विंग म्हणजे लिलियन सेंट सीर, नेब्रास्काच्या हो-चंक समाजातल्या आणि यंग डियर यांच्या पत्नी. त्यांच्या नावामागचं 'प्रिन्सेस' हे जाहिरातीचं लेणं. तुमच्या निबंधात ते नको. यंग डियर स्वतःला विनेबागो (हो-चंक समाजाचंच दुसरं नाव) म्हणवत, पण पुढच्या संशोधनातून त्यांचं मूळ डेलावेअरकडच्या नँटिकोक समाजात असल्याचं दिसून आलं. तेव्हा स्टुडिओच्या प्रसिद्धीपत्रकावरून कोणाचीही जमात ठरवू नका.

चेहऱ्याच्या रंगावरून तर मुळीच नाही. त्या काळची ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म लाल रंग टिपत नसे, त्यामुळे तांबूस कातडी किंवा मेकअप पडद्यावर काळपट येतो. गोरा नट रंग फासून उभा आहे की नाही, हे नुसतं बघून सांगता येत नाही. 'दि इन्व्हेडर्स' (१९१२) घ्या: सरदाराची भूमिका करणारे विल्यम ईगल शर्ट हे लकोटा जमातीचे, बरोबरचा जमावही ओग्लाला लकोटा लोकांचा, पण सरदाराची मुलगी झालेली ॲन लिटल गोरी. म्हणून नायिका, दुय्यम पात्रं आणि जमाव यांची नोंद वेगवेगळी ठेवा. एकत्र मोजलं की हीच गोम निसटते.

वेगही तपासा. सेकंदाला १६-१८ चौकटींनी चित्रित झालेला मूकपट २४ने चालवला की माणसं तुरुतुरु पळतात आणि नृत्यविधी हास्यास्पद वाटतो. ती थट्टा दिग्दर्शकाची नसते, चुकीच्या कॉपीची असते.

पूर्ण नेटिव्ह अमेरिकन नटसंच हवा असेल तर 'द डॉटर ऑफ डॉन' (१९२०) चुकवू नका. ओक्लाहोमाच्या विचिटा डोंगरांत चित्रित झालेला, कायोवा आणि कोमांची जमातींच्या कलाकारांचा. कपडे आणि तंबूही त्यांचेच. दिग्दर्शक मात्र गोरा, हे विसरू नका.

मेक्सिकन पात्रांबाबत 'ग्रीझर' ही शिवी थेट शीर्षकांतच सापडते. हा अपमान इतका साचला की १९२२मध्ये मेक्सिकोने असे चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांवर बंदीच घातली.

कृष्णवर्णीय काउबॉयपटांसाठी वाट वेगळी आहे, कारण फिल्मच फारशी उरलेली नाही. अमेरिकेतल्या सुमारे ११ हजार मूक फीचरपटांपैकी (पूर्ण लांबीच्या चित्रपटांपैकी) मूळ स्वरूपात पूर्ण उरलेत जेमतेम १४ टक्के. जॅक्सनव्हिलच्या नॉर्मन कंपनीने रोडिओचे (काउबॉयांच्या घोडे-बैलांवरच्या कसरतींच्या खेळाचे) नामवंत बिल पिकेट यांना घेऊन केलेल्या 'द बुल-डॉगर'चे तुकडेच हाती आहेत. तिथे पोस्टर वाचायची सवय लावा: नाव कोणाचं मोठं, चित्र कशाचं, आणि प्रेक्षक म्हणून कोणाला साद घातली आहे. सोबत 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' या व्यापारी साप्ताहिकाचे जुने अंक चाळा. ते स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत. चित्रपटाच्या नावाने शोधून थांबू नका, १९११चे अंक पानोपान बघा. पडद्यावरच्या आपल्या चित्रणाविरुद्ध नेटिव्ह अमेरिकन लोकांनी त्या वर्षी केलेल्या तक्रारींची दखल तिथे मिळते.