अनवाणी पळताय? नागपुरात या चुका टाळा

अनवाणी पळायचं ठरवलं की सगळे तळव्यांची काळजी करतात, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या बोलायला लागतात. पळायच्या बुटांच्या जाड, उंच टाचांनी त्यांना इतकी वर्षं आराम दिलेला असतो. कातडी काही आठवड्यांत राठ होते. हाडं आणि स्नायुबंध तयार व्हायला महिने लागतात. बहुतेक दुखापती याच मधल्या काळातल्या. म्हणून सुरुवात ५ ते १० मिनिटांची, एक दिवसाआड, आणि तीही नेहमीच्या पळण्याच्या आधी, पाय ताजे असताना. "लहानपणी गावाला अनवाणीच हुंदडलो" हा मुद्दा इथे कामाचा नाही. तेव्हा वजन ३० किलो होतं.

इथिओपियाचा धावपटू अबेबे बिकिला याचं नाव घेणारेही भेटतात. १९६० साली रोम ऑलिम्पिकला त्याने अनवाणी मॅरेथॉन जिंकली, हे खरंच. पण १९६४ साली टोकियोत त्यानेच बूट घालून सुवर्ण मिळवलं, हे कुणी सांगत नाही.

पातळ सोलचे बूट ही मधली वाट सुरक्षित वाटते. माझ्या मते जास्त फसवी तीच आहे. अनवाणी असताना कातडी भाजते, टोचते, आणि तुम्ही आपोआप थांबता. पातळ बुटात कातडी गप्प राहते, मार मात्र हाडांना बसतो. जुन्या बुटात ८ किलोमीटर पळत होतात म्हणून नव्यातही तेवढंच पळायला गेलात, तर पाऊल दुखावलंच म्हणून समजा.

जागा निवडताना

सगळे आधी गवत शोधतात. गवतात काच, बाभळीचा काटा, खड्डा काहीच दिसत नाही. शिवाय मऊ जमिनीवर टाच आपटत पळालं तरी खपून जातं. नागपूरकर ज्या सिमेंट रस्त्यांच्या नावाने बोटं मोडतात, तेच पहाटे शिकायला उत्तम. गुळगुळीत आणि कडक असल्याने चूक लगेच कळते. पावलं छोटी आणि भरभर पडू द्या. चवडा आधी टेकला तरी टाच हलकेच जमिनीला लागू द्या. सतत चवड्यावर पळालात तर पोटऱ्या संपल्याच. पायाला फोड येतोय? मग पाऊल उचललं जात नाही, घासलं जातंय. सिमेंटच्या सांध्यांवर आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर तेवढं लक्ष ठेवा. सेमिनरी हिल्सकडच्या मुरमाच्या वाटा नंतरसाठी ठेवा.

मे महिन्यात, नवतपात तर नक्कीच, संध्याकाळी अनवाणी निघू नका. सूर्य मावळला तरी डांबर बराच वेळ धगधगत असतं. तळहात रस्त्यावर काही सेकंद टेकवून बघा; टेकवत नसेल तर घरी चला. पावसाळ्यात काळी माती पायाला चिकटते, ओली कातडी मऊ पडते आणि पटकन सोलते. डबक्यांत आणि घाण मातीत जाऊ नका, जंतांचा धोका असतो. पावसाळा सरला की मोकळ्या जागेतले सराटे वाळून टोकदार होतात. संक्रांतीच्या आसपास रस्त्यावर पडलेला मांजा पायात अडकतो आणि कापतोही. डिसेंबरच्या पहाटे गारठ्याने तळवे बधिर झाले, तर ते काही सांगणार नाहीत. तेव्हा बूट घाला.

दुखणं ओळखताना

दोन्ही पोटऱ्या सारख्या आखडल्या असतील आणि दोन-तीन दिवसांत मोकळ्या होत असतील, तर चालायचंच. पावलाच्या वरच्या बाजूला, एका बोटाने दाबून दाखवता येईल अशा ठिकाणी दुखत असेल तर मात्र पळणं बंद. हाडाला बारीक चीर असू शकते, आणि सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये ती दिसतेच असं नाही. डॉक्टरांना नेमकी जागा दाखवा. सकाळी पलंगावरून उतरताना टाचेत कळ येत असेल, तर काही दिवस कमी पळा आणि घरातही फरशीवर चप्पल वापरा.

धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन १० वर्षं झाली असतील तर आधी ते घ्या. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी पळूच नये, पातळ सोलच्या बुटांबद्दलही आधी डॉक्टरांना विचारावं.