क्रूझमध्ये घर घेण्यापूर्वी

मध्य फ्रान्समधील क्रूझ विभागात घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांना मी पहिली विनंती करतो ती ही, की भिंती आणि छप्पर पाहण्याआधी सांडपाणी कुठे जाते ते पाहा. इथल्या वाड्यावस्त्यांवर सहसा सार्वजनिक गटारे नसतात. प्रत्येक घराची सेप्टिक टँक स्वतंत्र असते. २०११ पासून विक्रेत्याने तिचा तपासणी अहवाल विक्रीच्या कागदपत्रांना जोडणे बंधनकारक आहे, आणि व्यवस्था नियमात बसत नसेल तर खरेदीखतानंतर एका वर्षात ती सुधारण्याची जबाबदारी खरेदीदारावर पडते. पॅरिसहून आलेल्या एका मराठी जोडप्याने फ्रेंच अहवाल न वाचता सही केली आणि छपरासाठी राखून ठेवलेले हजारो युरो नव्या टाकीत घातले. प्राथमिक करारानंतर माघार घेण्यासाठी खरेदीदाराला १० दिवस मिळतात. त्या मुदतीत हा अहवाल जाणत्या माणसाकडून शब्दन् शब्द समजून घ्या.

जुन्या घरावर नोटरीचा खर्च आणि कर मिळून किमतीच्या सुमारे ७ ते ८ टक्के रक्कम वेगळी लागते. खिडक्यांचा रंग बदलायचा असला तरी आधी मेरीत, म्हणजे गावच्या महापौरांच्या कार्यालयात, अर्ज करावा लागतो.

जळाऊ लाकूड उन्हाळ्यातच, पुरेसे वाळलेले पाहून घ्या. धुराडे दरवर्षी साफ करून घ्या आणि त्याचा दाखला जपून ठेवा, कारण आग लागल्यास विमा कंपनी तो मागते.

आपली माणसे शनिवारी पॅरिसहून सामान भरून येतात, फाटक लावून घेतात आणि रविवारी परततात, हे मला मनापासून खटकते. गावाला तुमच्या उत्तम फ्रेंचची अपेक्षा नसते; पण बेकरीत शिरताना, टपालवाला दिसल्यावर, बाजारात भाजी मागण्यापूर्वी स्पष्ट आवाजात ‘बाँझूर’ म्हटलेच पाहिजे, नाहीतर माणूस उद्धट ठरतो. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्यांची नावे जवळजवळ प्रत्येक गावातील स्मारकावर कोरलेली आहेत. ११ नोव्हेंबरला, म्हणजे त्या युद्धाच्या युद्धविरामाच्या स्मृतिदिनी, तिथे जाऊन उभे राहा. शेजाऱ्यांशी ओळख तिथे होते, आणि बर्फात गाडी अडकली की ट्रॅक्टर घेऊन तेच येतात.

नुसते पाहायला येणार असाल तर पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकावरून क्रूझमधील ला सूतेरेन या गावापर्यंत रेल्वे आहे. पुढे गाडीशिवाय निभाव लागत नाही. दुकाने दुपारी १२ ते २ आणि बरीचशी सोमवारी दिवसभर बंद असतात. शिकारीच्या मोसमात, सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, रानात नारिंगी जाकीट घालूनच फिरा.

ऑगस्टमध्ये आवडलेले घर पक्के करण्यापूर्वी जानेवारीत त्याच गावात आठवडाभर भाड्याने राहा. भिंतींची ओल तेव्हाच कळते. त्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन ते नवे रुग्ण घेतात का, हे विचारा. अनेक ठिकाणी उत्तर नकारार्थी येते. घरात लहान मूल किंवा वृद्ध आईवडील असतील तर अशा वेळी दुसरे गाव पाहा.