खासगी सुरक्षा रक्षकाने झडती मागितली तर काय करावे

मॉलच्या दारात, कारखान्याच्या गेटवर किंवा सोसायटीच्या फाटकाशी उभा असलेला खासगी सुरक्षा रक्षक गणवेशात असतो, आणि त्याने ‘बॅग दाखवा’ म्हटले की आपल्यापैकी बहुतेक जण पोलिसाने सांगितल्यासारखी ती मुकाट्याने उघडतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र तो रक्षक आणि त्याच्यासमोर उभा असलेला ग्राहक हे दोघेही सामान्य नागरिकच आहेत. सुरक्षा पुरवणाऱ्या संस्थांना ज्या २००५ च्या केंद्रीय कायद्याखाली परवाना मिळतो, त्या कायद्याने रक्षकाला कोणाची झडती घेण्याचा वेगळा अधिकार दिलेला नाही. उलट त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार रक्षकाने लष्कराचा किंवा पोलिसांचा गणवेश, किंवा तसा भासणारा पोशाख घातला, तर त्याला आणि संस्थेच्या मालकालाही एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

म्हणून सर्वप्रथम समोर कोण उभे आहे हे ओळखावे. विमानतळावर किंवा दिल्ली मेट्रोत तपासणी करणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान हे खासगी रक्षक नव्हेत. १९६८ च्या त्यांच्या कायद्यात अटकेचे आणि झडतीचे अधिकार स्वतंत्रपणे नमूद केलेले आहेत आणि पुढील विवेचन त्यांना लागू होत नाही. खासगी रक्षकाला त्याच्या संस्थेने छायाचित्र असलेले ओळखपत्र देणे बंधनकारक आहे. त्यावरचे किंवा छातीवरच्या पट्टीवरचे नाव वाचून ठेवावे, कारण पुढे तक्रार करायची वेळ आली तर ‘तो निळ्या शर्टातला गार्ड’ एवढ्यावर कोणी काही करत नाही.

झडतीचा प्रश्न आत जाताना एक असतो आणि बाहेर पडताना दुसराच, आणि बहुतेक वाद हा फरक न कळल्यामुळे होतात. आत जाताना जागेच्या मालकाला प्रवेशाच्या अटी घालता येतात. चित्रपटगृहात बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याची अट मालक घालू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटले. पिण्याचे पाणी मोफत द्यावे आणि तान्ह्या बाळाचे खाणे अडवू नये, हेही त्यासोबत स्पष्ट केले. पिशवी तपासण्याची अटही याच जातीची आहे. ती मान्य नसेल तर आपण परत फिरावे, आणि मालकाचा रक्षक फार तर प्रवेश नाकारू शकतो. आपण नकार दिल्यावर पिशवी ओढून घेण्याचा किंवा खिसे चाचपण्याचा हक्क त्या अटीतून निर्माण होत नाही. त्यातही अट सर्वांना सारखी हवी. दुकाने, उपाहारगृहे आणि करमणुकीच्या जागा यांच्या प्रवेशात धर्म, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून कोणावर निर्बंध घालता येत नाहीत, असे राज्यघटनेचे कलम १५(२) सांगते. कोणाचा पोशाख पाहून त्याचीच पिशवी उपसणाऱ्या रक्षकाला हे कलम कोणीतरी वाचून दाखवायला हवे.

बाहेर पडताना मात्र आपल्यापाशी ‘परत फिरणे’ हा पर्यायच उरत नाही, म्हणून तिथली तपासणी पूर्णपणे आपल्या संमतीवर अवलंबून असते. नेहमीचा प्रसंग घ्या. सुपरमार्केटमधून सामान घेऊन निघताना दारातले यंत्र वाजते, रक्षक आडवा हात धरतो, मागे रांग तुंबते आणि सगळ्यांच्या नजरा आपल्यावर येतात. दहातल्या कितीतरी वेळा कारण एवढेच असते की काउंटरवरच्या मुलाने कुर्त्याच्या शिवणीतली प्लास्टिकची चकती काढलेली नसते. अशा वेळी शांतपणे बाजूला उभे राहून बिल दाखवावे, हवे तर सामान स्वतःच्या हाताने बाहेर काढून दाखवावे आणि स्पष्ट शब्दांत म्हणावे, ‘दादा, बिल बघा, पिशवी मी उघडून दाखवतो, पण तुम्ही आत हात घालू नका आणि अंगाला हात लावू नका.’ संमती अशी मर्यादित देता येते आणि कोणत्याही क्षणी काढून घेता येते. ‘आमच्याकडे तपासणी होईल’ अशी पाटी भिंतीवर लावलेली असली, तरी ती पाटी आपल्या शरीराला हात लावण्याचा परवाना ठरत नाही.

आता खरोखर चोरीचा संशय असेल तर काय, हा प्रश्न येतो. अटक आणि झडतीची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार कोणताही खासगी नागरिक, म्हणजे रक्षकसुद्धा, एखाद्याला पकडू शकतो. पण दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही असा) गुन्हा त्याच्या स्वतःच्या समक्ष घडलेला असावा लागतो, किंवा समोरची व्यक्ती न्यायालयाने फरार घोषित केलेली असावी लागते. पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्या व्यक्तीला पोलिसांच्या हवाली करावे लागते. यंत्र वाजले, सहकाऱ्याने सांगितले, ‘हा माणूस मघापासून घुटमळत होता’ असे वाटले, यांपैकी काहीही ‘समक्ष’ या शब्दात बसत नाही. चोरी डोळ्यांसमोर होत असेल तर मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक तेवढेच बळ वापरण्याची मुभा गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेत आहे, पण तीही संशयापुरती ताणता येत नाही. शिवाय याच संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी ऐवज परत केल्यास समाजसेवेच्या शिक्षेची ठरते, आणि असे प्रकरण अदखलपात्र व जामीनपात्र मानले आहे. मालमत्ता ठेवण्याच्या इमारतीतली चोरी मात्र कलम ३०५ खाली येते आणि तिथे ही सवलत नाही. शाम्पूच्या बाटलीला यांतले कोणते कलम लागते यावर वकील तासभर भांडतील. दारातल्या रक्षकाने तो निकाल उभ्याउभ्या लावू नये आणि सरळ ११२ वर फोन करावा.

सगळ्यात कमी माहीत असलेली तरतूद यापुढची आहे. नागरिकाने कायदेशीरपणे पकडलेल्या माणसाचीसुद्धा झडती तो नागरिक घेत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ प्रमाणे ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या ताब्यात त्याला दिले जाते, तो अधिकारी झडती घेतो आणि काढून घेतलेल्या वस्तूंची पावती देतो. पकडणाऱ्याला त्याच संहितेच्या कलम ५० खाली फक्त घातक शस्त्र काढून घेता येते. म्हणजे सुपरमार्केटच्या मागच्या खोलीत नेऊन खिसे उलटे करायला लावणे, चपला काढायला लावणे, मोबाइल ठेवून घेणे किंवा ‘चोरी केली’ असे लिहून घेऊन दंड वसूल करणे, यांपैकी एकाही गोष्टीला कायद्याचा आधार नाही. अशा खोलीत जाण्यास नकार द्यावा आणि ‘पोलिसांना बोलवा, मी इथेच थांबतो’ असे चारचौघांत सांगावे.

स्त्रियांच्या बाबतीत कायदा अधिक कडक आहे. पोलिसांनाही स्त्रीची झडती स्त्रीकडूनच आणि पूर्ण सभ्यता पाळून घ्यावी लागते. तेव्हा पुरुष रक्षकाने अंगाला हात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. विनयभंगाच्या उद्देशाने असे केल्यास न्याय संहितेच्या कलम ७४ खाली एक ते पाच वर्षांची शिक्षा आहे. महिला रक्षक समोर असली तरी संमतीची गरज संपत नाही.

नोकरीच्या ठिकाणी चित्र थोडे बदलते. कारखान्यांच्या स्थायी आदेशांत, म्हणजे कामगारांना लागू असलेल्या लेखी सेवाशर्तींत, ‘गेटवरील झडती’ हा विषय १९४६ च्या कायद्यापासून आहे, त्यामुळे पाळी सुटताना होणारी तपासणी कामगाराने नाकारली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. तरीही नकार देणाऱ्यावर बळजबरी करता येत नाही. सोसायट्यांमध्ये घरकाम करणाऱ्या ताईंची पिशवी रोज फाटकावर उघडायला लावतात, त्याला मात्र असा काही आधार नसतो. जेवणाचा डबा उघडून बघणारे तेच रक्षक फ्लॅटमालकांच्या गाड्यांना सलाम ठोकतात. घरातून एखादी वस्तू देताना मालकिणीने चिठ्ठी दिली किंवा फाटकावर फोन केला, तर ही पिशवी उघडण्याची वेळ येत नाही.

मर्यादा ओलांडली गेलीच, तर हातघाईवर येऊ नये. वेळ, जागा, रक्षकाचे नाव आणि साक्षीदारांचे क्रमांक लगेच लिहून ठेवावेत. त्याच दिवशी व्यवस्थापकाला लेखी पत्र देऊन सीसीटीव्हीचे चित्रण जपून ठेवण्याची मागणी करावी आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्यावी, कारण जुने चित्रण आपोआप पुसले जाते. वाट अडवली असेल तर न्याय संहितेचे कलम १२६, खोलीत डांबून ठेवले असेल तर कलम १२७ आणि धक्काबुक्की केली असेल तर कलम १३१ यांचा उल्लेख पोलीस ठाण्यातील तक्रारीत करावा. त्याच तक्रारीची एक प्रत सुरक्षा संस्थांना परवाना देणाऱ्या राज्याच्या नियंत्रक प्राधिकरणाकडेही पाठवावी. परवाना निलंबित होण्याची शक्यता दिसली की संस्था लवकर बोलू लागते. तक्रारीत फक्त रक्षकाचे नाव घालून थांबू नये. बारा तास उभे राहून तो ज्याचा हुकूम पाळत होता, त्या व्यवस्थापकाचे आणि दुकानाचे नावही त्यात असावे.