आय-गेझवर काम सुरू करताय? आधी मूल बसतंय कसं ते बघा

मी स्पीच थेरपिस्ट आहे. आय-गेझ म्हणजे बोलता न येणाऱ्या मुलाने नुसत्या नजरेने स्क्रीनवरचं चित्र निवडून आपलं म्हणणं सांगायचं डिव्हाइस, आणि या कामात नवीन आलेले सगळे मला पहिलं हेच विचारतात की कुठलं डिव्हाइस चांगलं. मी म्हणते आधी मूल कसं बसतंय ते बघा. स्क्रीनखालच्या पट्टीतून डोळ्यांवर इन्फ्रारेड प्रकाश पडतो आणि कॅमेरा डोळ्याची बाहुली आणि कॉर्नियावरची चमक बघून नजर कुठे आहे ते काढतो, त्यामुळे मान लटकली, पापणी खाली आली किंवा खिडकीतून ऊन आलं की संपलं. स्क्रीन साधारण 60 सेंटीमीटरवर ठेवा आणि मूल मागे रेललेलं असेल तर स्क्रीनही तेवढाच कलता करा.

कॅलिब्रेशनचं, म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांकडे बघायला लावून डिव्हाइसला मुलाची नजर ओळखायला शिकवण्याचं, टेन्शन घेऊ नका, 2 पॉइंटवरसुद्धा सुरुवात होते.

माझी मोठी चूक सांगते. रेट सिंड्रोम (बोलणं आणि हातांचा वापर हिरावणारा एक जनुकीय आजार) असलेली एक मुलगी होती, मी सारखं "बॉल कुठाय, दाखव" करत राहिले, ती भलतीकडेच बघायची आणि मी फाइलमध्ये लिहिलं की समजत नाही. तिची आई म्हणाली, "अहो मॅडम, ती बघते, पण पटकन बघून लगेच तुमच्याकडे बघते." आणि खरंच की! चित्रावर दीड सेकंद नजर थांबली तरच सिलेक्ट होईल असं मी सेट केलेलं, ते 0.6 सेकंदांवर आणलं, परीक्षा घेणं बंद केलं आणि नुसतं गाणं लावून समोर 'अजून' आणि 'बास' ठेवलं. तिने 'बास' बघितलं, मी गाणं थांबवलं, ती माझ्याकडे बघून हसली आणि मग 'अजून'. त्या दिवशी हे 11 वेळा झालं, फाइलमधलं ते वाक्य मी त्याच दिवशी खोडलं.

पण नजर थांबण्याचा हा वेळ फारच कमी केला तर जिथे नजर जाईल ते सगळंच सिलेक्ट होत सुटतं, म्हणून प्रत्येक मुलासाठी हळूहळू जुळवावं लागतं. सेरेब्रल पाल्सीच्या बऱ्याच मुलांना मेंदूमुळे दिसण्याचाही त्रास असतो, म्हणजे डोळे ठीक पण गर्दीचं चित्र कळत नाही, त्यांना काळ्या बॅकग्राउंडवर एकच मोठं चित्र द्या. आणि तुम्ही स्वतः त्याच स्क्रीनवर बोट ठेवून बोला, आम्ही याला मॉडेलिंग म्हणतो, महिनोन् महिने करावं लागतं, उत्तराची घाई न करता.

एक पारदर्शक प्लॅस्टिकची पाटी, चार कोपऱ्यांत चार चित्रं, पाटीपलीकडून तुम्ही मुलाची नजर वाचायची, ही पहिल्या आठवड्यातच बनवा. चार्जिंग संपलं, डिव्हाइस रिपेअरला गेलं, आंघोळीची वेळ आहे, तेव्हा हीच लागते.