विमानाची धास्ती कशी ओसरली

इंदूरहून पुण्याला रात्रीच्या बसने कितीही वेळा जाईन, पण विमान म्हटलं की पोटात गोळा यायचा. फरक पडला तो आवाजांची ओळख करून घेतल्यावर. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळावरून विमान उडालं की थोड्याच वेळात पायाखाली घरघर होऊन धप्प असा आवाज येतो. ती चाकं आत जातात. मग इंजिनाचा सूर उतरतो आणि वाटतं, आता पडलोच! खरं तर उड्डाणासाठी लावलेला जास्तीचा जोर तेवढा कमी केलेला असतो, विमान चढतच असतं. हल्ली मी त्या आवाजाची वाटच बघते.

जागा पंखाजवळची मागते, तिथे हेलकावे शेपटीकडच्यापेक्षा कमी जाणवतात. पंखाचं टोक वरखाली होतं, होऊ दे. ते लवण्यासाठीच बनवलेलं असतं. श्वास चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. निघण्याआधीचा चहा मात्र बंद केला, त्याने छातीत धडधडायचं. पोहे-जिलबीवर तडजोड नाही. आणि उतरताना ह्यांचा हात अजूनही धरते, ती सवय मोडायचा काही विचार नाही.